राजाधिराजाला वारस नव्हता

भाऊ वेगळे झाले की चूल वेगळी, रान वेगळं, तशी पाटीलकीचीही तक्षीम पडायची, असं आजोबा सांगत. शिर्डीच्या आसपासची गावं तेव्हा कोपरगाव तालुक्यात होती. वतनात हिस्सेदार अनेक, पण शिक्का एकाच्याच हाती. मग नोकरीची पाळी कुणाची, यावरून भाऊबंदकी पिढ्यान्‌पिढ्या चाले. इंग्रजांनी १८७४ च्या वतन कायद्याने नावं रजिस्टरात चढवली. तंटे मिटले नाहीत, नुसते कचेरीत गेले.

आजीला यातलं काही पटत नसे. ती सांगे ते बायजाबाई कोते पाटलिणीचं. पाटलाच्या घरची बाई, पण डोक्यावर पाटी घेऊन रानात फिरे आणि फकीर सापडेल तिथे त्याच्यापुढे भाकर ठेवी. तिचा मुलगा तात्या त्या फकिराला, साईबाबांना, मामा म्हणे. आजीच्या लेखी खरी पाटीलकी हीच. (आजोबा यावर पानाचा डबा उघडत.)

पुढे बाबा एक रात्र मशिदीत, एक रात्र चावडीत झोपू लागले. चावडी म्हणजे पाटील-कुलकर्ण्याची बसायची जागा, सारावसुलीची. तिथे फकिराला न्यायचं ते छत्र, चवऱ्या आणि चोपदारांच्या ललकारीसह. बाबा मात्र पालखीत बसत नसत. पालखीत पादुका, बाबा पायी. लोकांच्या तोंडी ‘राजाधिराज’ आणि बाबांच्या अंगावर फाटकी कफनी, हा विरोध शिर्डीला कधी खटकला नाही. मला वाटतं, ज्यांनी हक्काच्या मानासाठी रोजची भांडणं पाहिली, त्यांना न मागता मिळालेला मान ओळखता येत होता.

१५ ऑक्टोबर १९१८, विजयादशमी. बाबा गेले, मागे ना शिष्याला गादी, ना कुणाचं नाव. १९२२ मध्ये नगरच्या जिल्हा न्यायालयाने ठरवलेल्या योजनेने संस्थान उभं राहिलं. २००४ च्या कायद्यानंतर त्याची समिती सरकार नेमतं.

पाटीलकीचंही तेच झालं. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेलं, मुलकी पाटील १ जानेवारी १९६३ पासून. राजेरजवाड्यांच्या पदव्या आणि तनखे त्यानंतर, १९७१ मध्ये. पोलीस पाटील उरला, पण त्याची नेमणूक प्रांत करतात. बाप पोलीस पाटील होता म्हणून मुलाला हक्क नाही. आडनावातलं ‘पाटील’ तेवढं वारसाने चालू आहे. आणि पोळ्याचा मानही. वतन गेल्यावर कितीतरी वर्षं आमच्या गावच्या वेशीत दोन तक्षिमांचे बैल शिंगाला शिंग लावून उभे राहत, आणि आधी कुणाचा सोडायचा हे ठरवायला फौजदार येई.