अभिलेख व्यवस्थापन, इलेक्ट्रॉनिक

कार्यालयात निर्माण होणारी वा बाहेरून येणारी कागदपत्रे संगणकाच्या साहाय्याने नोंदणे, वर्गीकृत करणे, अधिकाऱ्यांपुढे मांडणे, जतन करणे आणि मुदतीनंतर नष्ट करणे, या कामांच्या पद्धतीस इलेक्ट्रॉनिक अभिलेख व्यवस्थापन म्हणतात. दस्तऐवज कोणी, केव्हा व कोणत्या अधिकाराने तयार केला, याचा पुरावा अबाधित राखणे हा तिचा मुख्य हेतू होय.

कागदी दप्तरात हे काम आवक-जावक नोंदवही, शिक्का, स्वाक्षरी आणि नस्तीतील पानांचे क्रमांक यांनी साधले जाई. पेशवे दप्तरातील मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले असत. शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात (१८९३) कागद उभे लावण्याची कपाटे मांडण्यात आली व पुढे ती सर्वत्र रूढ झाली. १९२८ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीने धनादेशांची छायाचित्रे घेणारे रेकॉर्डॅक यंत्र बाजारात आणले आणि बँकांत मायक्रोफिल्मचा वापर सुरू झाला. तथापि तीवरील प्रतिमा मूळ कागदाचीच असे. संगणकावर मात्र मूळ कागदच उरला नाही.

या बदलाचे गांभीर्य प्रथम अमेरिकेत जाणवले. १९८० नंतर तेथील राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात ‘प्रॉफ्स’ ही संगणकीय संदेशप्रणाली वापरात होती. इराण-काँट्रा प्रकरणात अधिकाऱ्यांनी पुसून टाकलेले संदेश राखीव फितींवर सापडले. रेगन प्रशासनाची मुदत संपताना, जानेवारी १९८९ मध्ये, हे संदेश नष्ट होऊ नयेत म्हणून दावा दाखल झाला. कागदावरील छापील प्रती पुरेशा आहेत, हे शासनाचे म्हणणे अपील न्यायालयाने १९९३ मध्ये अमान्य केले. कारण संदेश कोणास व केव्हा मिळाला, ही माहिती छापील प्रतीत नेहमीच उतरत नसे.

भारतात सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ अन्वये संगणकनिर्मित साहित्याचा अभिलेखांत समावेश झाला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेख व डिजिटल स्वाक्षरी यांस मान्यता दिली. मात्र अभिलेखाचे उगमस्थान, तो जेथे पाठविला ते ठिकाण, दिनांक व वेळ हा तपशीलही जतन करण्याची अट घातली. मुंबई येथील मंत्रालयास २१ जून २०१२ रोजी लागलेल्या आगीत अनेक विभागांच्या नस्त्या जळाल्या आणि केवळ कागदावर विसंबण्यातील धोका स्पष्ट झाला. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या (स्थापना १९७६) ‘ई-ऑफिस’ प्रणालीत टिपणी लिहिणे, नस्ती पुढे पाठविणे व तिच्या प्रवासाची नोंद ठेवणे ही कामे संगणकावरच होतात.

प्रत सुरक्षित राहिली, तरी ती अस्सल असल्याचे सिद्ध करावे लागते. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीसंबंधीच्या वादात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रमुद्रण पुराव्यात आले होते. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असा निर्णय दिला, की मूळ साधन न्यायालयात सादर केलेले नसल्यास कायद्याने विहित केलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार या प्रमाणपत्रात अभिलेखाचे हॅश मूल्यही नमूद करावे लागते. हे मूल्य मजकुरावरून गणिताने काढलेले असून एक अक्षर बदलले, तरी ते बदलते. कागदावरील शिक्का व स्वाक्षरी यांचे कार्य अशा रीतीने संगणकीय दप्तरात नव्या साधनांकडे आले आहे.