टंकजुळणीचे साचे : कमांड लाइनवरून निर्मिती

टर्मिनलमध्ये आज्ञा देऊन पुस्तक, प्रबंध, अहवाल, पत्र किंवा प्रश्नपत्रिका यांचा सांगाडा तयार करून घेण्याची पद्धत. कागदाचा आकार, समास, टंक, भाषा, मथळे आणि पृष्ठांक यांची व्यवस्था सांगाड्यात आधीच लावलेली असते. बदलत्या मजकुराच्या जागा तेवढ्या रिकाम्या असतात. डोनाल्ड कनूथ यांची टेक प्रणाली (१९७८) आणि तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात उभारलेली लाटेक यांत दस्तऐवज साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिला जातो. त्यामुळे अशी फाइल दुसऱ्या प्रोग्रामकडून लिहून घेता येते.

या कामात पॅनडॉक बराच वापरला जातो. बर्कली येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी तो २००६मध्ये आणला. पॅनडॉकच्या नावापुढे उणे चिन्ह, कॅपिटल डी आणि लाटेक हा शब्द दिला, की त्याचा मूळ साचा पडद्यावर उतरतो. तो फाइलीत वळवून घ्यावा आणि हवे ते बदल करावेत. शीर्षक, लेखक, दिनांक यांच्या जागा डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये लिहिलेल्या असतात. माहिती असेल तरच एखादा भाग छापावा किंवा यादीतल्या प्रत्येक नावासाठी तो पुन्हा यावा, अशी सोयही साच्यातच असते. टिप्स्ट या नव्या प्रणालीचा (लॉरेन्झ मेडये व मार्टिन हौग, खुली २०२३) मार्ग आणखी सरळ आहे. २०२४च्या ०.११ आवृत्तीपासून तिच्यात ‘इनिट’ ही आज्ञा आहे. तिला साच्याचे नाव दिले की मुख्य फाइलीसह अख्खे फोल्डर तयार होते.

महाराष्ट्राच्या दफ्तराला साचा नवा नाही. ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे नमुने १ ते ३३, महसुलाचे गाव नमुने, सात-बारा : चौकट ठरलेली, नाव आणि आकडे बदलणारे. करमाळा तालुक्यातील जेऊर, केम, कोर्टी, केत्तूर अशा गावांना एकाच मजकुराची नोटीस पाठवायची आहे असे धरू. गावाचे नाव, जावक क्रमांक आणि दिनांक यांची साधी यादी एका फाइलीत, नोटीस साच्यात, आणि यादीच्या ओळी एकेक करून साच्यात भरणारी चार-पाच ओळींची स्क्रिप्ट. प्रत्येक गावाची स्वतंत्र पीडीएफ निघते. एका फाइलीची नक्कल करून नाव बदलत जाताना केमच्या पत्रात जेऊर राहून जाते, तो प्रकार येथे टळतो. मात्र यादीतच नाव चुकले तर चूकही तितक्याच शिस्तीने छापली जाते.

मराठीसाठी साच्याचे महत्त्व इंग्रजीपेक्षा जास्त आहे, कारण येथे मजकुराआधीच बरेच काही ठरवावे लागते. पॅनडॉक पीडीएफसाठी मुळात पीडीएफलाटेक वापरतो. युनिकोड देवनागरी आली की ते अडते. जोनाथन क्यू यांचे झीटेक (२००४) किंवा लुआटेक हे इंजिन निवडले तरी काम संपत नाही. मूळच्या टंकात देवनागरी नसल्याने पीडीएफ बिनतक्रार तयार होते आणि पान कोरे निघते. अक्षर सापडले नाही ही नोंद इशाऱ्यांच्या आणि लॉगच्या गर्दीत असते आणि नवखा माणूस लॉग उघडत नाही. म्हणून परदेशी विद्यापीठाचा देखणा साचा उतरवून घेण्यापेक्षा साधा साचा स्वतः बेतणे बरे. त्यात इंजिन, देवनागरी टंक, लिपी देवनागरी आणि भाषा मराठी या चार गोष्टी हव्यातच. ज्या टंकांत श आणि ल यांची दोन्ही वळणे आहेत, त्यांत भाषा सांगितल्यावरच मराठी वळण येते. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने प्रमाण ठरवलेली वळणे हीच. शब्द ओळीच्या शेवटी कोठे तोडायचा, याचे मराठी नियम संतोष तोट्टिंगल यांनी तयार केले असून ते टेकच्या वितरणात मिळतात. पण तेही भाषा नोंदवल्याशिवाय लागू होत नाहीत.

टंकांपैकी मुंबईच्या आयआयटीतला शोभिका मोफत आणि खुला आहे. त्याची देवनागरी अक्षरे राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रा या टंकावर आधारलेली आहेत. युनिकोडपूर्व टंकांत टंकलेला मजकूर मात्र साच्यात थेट ओतता येत नाही, आधी तो युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. टेकमधली देवनागरी सुरुवातीपासून कमांड लाइनवरच वाढली. ग्रोनिंगेनचे फ्रान्स वेल्थुईस यांच्या १९९१च्या पद्धतीत रोमन अक्षरांत लिहिलेला मजकूर आधी देवनाग या प्रोग्राममधून काढावा लागे, मगच टेककडे जाई.

लग्नपत्रिका, जाहिरात, फ्लेक्स अशा कामांना ही पद्धत सोयीची नाही. तेथे प्रत्येक ओळ डोळ्यांनी पाहून हलवावी लागते आणि कोरलड्रॉ चालवणारा डीटीपीवाला ते लवकर करतो. सलग मजकूर, तळटीपा, सूची आणि वारंवार निघणारी पत्रे हे तिचे क्षेत्र.