क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स : भक्षक पेशींतील वास्तव्य आणि प्रसार

फुफ्फुस व मेंदूच्या आवरणांना ग्रासणारे एक रोगकारक यीस्ट. कबुतरांची वाळलेली विष्ठा, माती आणि झाडांच्या ढोल्यांतील कुजके लाकूड येथे ते वाढते. (कबुतर स्वतः सहसा आजारी पडत नाही, ४१–४२° से. हे त्याच्या शरीराचे तापमान या यीस्टला सोसत नाही.) १८९४ मध्ये जर्मनीत बुसे आणि बुश्के यांनी एका स्त्रीच्या नडगीच्या हाडातून ते वेगळे केले. त्याच वर्षी इटलीत सान्फेलिचे यांना ते पीच फळाच्या रसात सापडले.

श्वासाबरोबर फुफ्फुसात शिरलेल्या यीस्टला मॅक्रोफेज या भक्षक पेशी गिळतात. गिळलेला जंतू पेशीत फॅगोसोम नावाच्या पटलाच्या पिशवीत बंद होतो; तेथे आम्लता वाढते, विकरे आणि ऑक्सिडीकारक द्रव्ये त्याच्यावर सोडली जातात. बहुतेक जंतू येथेच संपतात. क्रिप्टोकॉकसला मात्र आम्लता बाधत नाही. त्याचे युरिएज विकर अमोनिया तयार करून सामू काहीसा चढवते, पेशीभित्तिकेतील मेलॅनिन ऑक्सिडीकारकांचा मारा झेलते, आणि बाहेरचे जाड बहुशर्करी कवच सुटे होऊन पेशीद्रवात पसरते. फॅगोसोमचे पटल झिरपू लागते. अशा पिशवीतच यीस्टला अंकुर फुटतात व त्याची संख्या वाढते.

बाहेर पडण्याची रीत अधिक विलक्षण आहे. आश्रयदात्या पेशीला फोडून जंतू बाहेर येतो, ही जुनी समजूत येथे अपुरी पडते. तशी फूट पडतेही. पण २००६ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम आणि अमेरिकेतील न्यूयॉर्क येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की मॅक्रोफेज यीस्टला जिवंत बाहेर टाकते आणि स्वतःही जिवंत राहते. सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेल्या चलच्चित्रांत ही क्रिया काही मिनिटांत उरकलेली दिसते. तिला वोमोसायटोसिस म्हणतात. मारलेले यीस्ट अशा रीतीने बाहेर पडत नाही, म्हणजे जंतूचा यात हात आहे. पेशीही निष्क्रिय नसते : फॅगोसोमभोवती अ‍ॅक्टिन तंतूंचे जाळे क्षणभर उभे राहते, विरते, पुन्हा उभे राहते आणि यीस्टची वाट अडवते (२०१०). या सुटकेचा लाभ नेमका कोणाला, हे एका वाक्यात सांगता येणार नाही. सुटलेला जंतू पसरू शकतो, तसा इतर पेशींच्या तावडीतही सापडू शकतो.

एका मॅक्रोफेजमधून शेजारच्या मॅक्रोफेजमध्ये यीस्ट जाते, हे २००७ मध्ये दिसून आले. ते थेट हस्तांतर मानले गेले होते. प्रत्यक्षात एक पेशी बाहेर टाकते आणि लगटून असलेली दुसरी लगेच गिळते, असे २०१९ मधील संशोधनावरून दिसते.

मेंदूकडे जाताना यीस्ट सुटे असतानाही रक्त-मेंदू अडसर ओलांडू शकते. पण भक्षक पेशीच्या पोटात बसून केलेला प्रवास त्याला अधिक सुरक्षित पडतो. या मार्गाला ‘ट्रोजन घोडा’ म्हणतात. परिणामी होणारा मेंदूआवरणदाह एचआयव्हीबाधितांत विशेष घातक असतो : २०२० या वर्षी त्याने जगात सुमारे १,१२,००० एचआयव्हीबाधितांचे बळी घेतल्याचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये या यीस्टला सर्वाधिक प्राधान्याच्या कवकांत घातले. निदानासाठी पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवात इंडिया इंक ही काळी शाई मिसळली, की कवचाचे पांढरे वलय उठून दिसते. उपचारांत अ‍ॅम्फोटेरिसिन बी, फ्लुसायटोसीन व फ्लुकोनॅझोल वापरतात.

माणसाच्या पेशीत राहण्याचे हे कसब माणसात घडले असण्याची शक्यता कमी. मातीतील अमीबाही हे यीस्ट गिळतो आणि यीस्ट त्याच्यातही वाढते (२००१). अमीबातून जिवंत बाहेर पडणेही नंतर नोंदले गेले. कँडिडा अल्बिकन्स या दुसऱ्या रोगकारक यीस्टचा मार्ग मात्र बव्हंशी वेगळा : ते गिळले गेल्यावर लांब कवकतंतू काढून मॅक्रोफेजला भोसकते.

सुटकेचा लाभ कोणाला, या प्रश्नाकडे परतायचे तर, २०१७ मध्ये मॅक्रोफेजमधील ईआरके५ या संदेशवाहक प्रथिनाला अडवल्यावर वोमोसायटोसिस वाढले, आणि झेब्रामाशांत संसर्गाचा प्रसार घटला.