बॅकअप आणि स्नॅपशॉट : काय ठेवावे, काय वगळावे?

महत्त्वाच्या फायलींची वेगळ्या ठिकाणी ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप. स्नॅपशॉट म्हणजे फाइल सिस्टिमची एका क्षणीची स्थिती; ती सहसा त्याच डिस्कवर राहते. डिस्क बिघडली की स्नॅपशॉटही जातो. म्हणून तो बॅकअपची जागा घेऊ शकत नाही.

वगळायचे कशासाठी?

समजा, अमरावतीतल्या एका फोटो स्टुडिओकडे लग्नाच्या कामाचे १०० जीबीचे फोल्डर आहे. त्यातले ६० जीबी एडिटिंग सॉफ्टवेअरने स्वतः बनवलेले प्रिव्ह्यू आहेत. दुसरी प्रत अकोल्यातल्या नातेवाइकाच्या संगणकावर ठेवायची आहे. २० एमबीपीएस अपलोड वेगाने सगळे पाठवायला सुमारे ११ तास लागतील. प्रिव्ह्यू वगळले तर साडेचार तास.

स्नॅपशॉटची अडचण वेगळी. तो घेताना जागा जवळपास लागत नाही. पण नंतर डिलीट केलेली फाइल जुन्या स्नॅपशॉटमध्ये अडकून राहते. फाइल उडवूनही जागा मोकळी होत नाही, ती त्यामुळेच.

काय वगळता येते?

- ब्राउझरची कॅश, थंबनेल, प्रिव्ह्यू
- तात्पुरत्या फायली
- पुन्हा डाउनलोड करता येणारे इन्स्टॉलर

मूळ फोटो आणि हिशेबाच्या फायली कधीही वगळू नयेत. 'डाउनलोड्स' फोल्डरही डोळे झाकून वगळू नये. सातबारा, पावत्या, मुलांचे निकाल अनेकदा तिथेच पडलेले असतात.

कसे वगळावे?

आरसिंक, रेस्टिक आणि बोर्ग या साधनांना वगळायच्या फोल्डरांची यादी देता येते. मॅकच्या टाइम मशीनमध्ये ही सोय सेटिंगमध्येच आहे. व्हॉट्सअॅपच्या चॅट बॅकअपमधूनही व्हिडिओ वगळता येतात.

लिनक्सच्या बीटीआरएफएसमध्ये मात्र स्नॅपशॉट संपूर्ण सबव्हॉल्यूमचा होतो; त्यातले एखादे फोल्डर वगळता येत नाही. उपाय असा, की कॅशसाठी स्वतंत्र सबव्हॉल्यूम करावा. आतला सबव्हॉल्यूम बाहेरच्याच्या स्नॅपशॉटमध्ये येत नाही. आधी अडकलेली जागा मात्र जुने स्नॅपशॉट काढल्यावरच सुटते.

कसोटी एकच

ही फाइल पुन्हा मिळेल किंवा बनवता येईल का? उत्तर 'हो' असेल तरच वगळावी. शंका असेल तर ठेवावी. यादी बदलल्यावर बॅकअपमधून दोन-चार फायली परत काढून, उघडून पाहाव्यात. चुकीचे फोल्डर वगळले गेले असेल तर ते डिस्क जाण्याआधीच कळलेले बरे.