आधी रस्ता, मग आकडा

टर्बो बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न आकड्याचा असतो. "मोठा टाकला तर किती हॉर्सपॉवर निघतील?" कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं टर्बो दुरुस्तीचं दुकान आहे. पोट चालतं ते ट्रक, जीप आणि डिझेल गाड्यांवर. अधूनमधून एखादा तरुण जुनी ऑक्टाव्हिया किंवा पोलो घेऊन येतो. त्याला आकडा सांगण्याआधी मी विचारतो, "गाडी चालवणार कुठे?" पोरं हसतात. पण रस्त्यावरच्या गाडीला टर्बो लागून साठ वर्षं उलटली, आणि भल्याभल्या कंपन्यांची गाडी याच प्रश्नावर अडली आहे.

मूळ कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची. पेटंट १९०५ सालचं. धुराड्यातून फुकट जाणाऱ्या गरम वायूवर एक चाक फिरवायचं आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या चाकाने इंजिनात हवा कोंबायची. जास्त हवा आली की जास्त इंधन जाळता येतं. १९२०च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना हे जोडलं, तेव्हा १७५० अश्वशक्तीची इंजिनं २५०० वर गेली. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीकच्या चौदा हजार फुटांवरच्या माथ्यावर नेऊन तपासलं. विरळ हवेत मेलेली त्याची ताकद टर्बोने परत मिळवून दिली. पण जहाज काय किंवा विमान काय, तासन्‌तास एकाच वेगात चालणार. टर्बोने जोर धरायला चार सेकंद घेतले तरी समुद्रात कोणाचं बिघडत नाही. सिग्नलला थांबणारी, वळणावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबणारी मोटार आली, तेव्हा कुठे लॅग नावाचं दुखणं कळलं.

१९६२ मध्ये जनरल मोटर्सने एकाच वर्षी दोन टर्बो गाड्या विकायला काढल्या. शेवरले कॉरव्हेअरच्या मॉन्झा स्पायडरमध्ये जादा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारं आणि बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा दाब, आवरणारं वेस्टगेट नव्हतंच. कॉम्प्रेशन कमी केलेलं, त्यामुळे खालच्या आरपीएमला गाडी सुस्त. ओल्ड्समोबिलची जेटफायर जास्त हुशारीने बनवलेली होती. साडेतीन लिटरचं ॲल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन, २१५ अश्वशक्ती, आणि कॉम्प्रेशन चक्क १०.२५ ला १. हेतू असा, की बूस्ट यायच्या आधीही गाडीला पिकअप असावा. पण एवढ्या कॉम्प्रेशनवर वरून बूस्ट दिला की पेट्रोल अवेळी पेटतं, इंजिन ठोकतं. त्यावर तोडगा म्हणून बॉनेटखाली एक टाकी दिली. तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण, ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ या नावाचं. बूस्ट चढला की ते इंजिनात जाऊन हवा गार करायचं.

आमच्या धंद्यातला माणूस ही मांडणी बघून आजही टोपी काढेल. पण मालकाला पेट्रोल आणि तेलाखेरीज तिसरी गोष्ट भरायची सवय नव्हती. टाकी रिकामी झाली की झडप बूस्ट रोखायची, आणि ऐटीने घेतलेली गाडी मलूल व्हायची. १९६३ नंतर जेटफायर बंद झाली. पुढे कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली. गाडी रोज चालवणारा माणूस त्या हिशेबात धरलाच नव्हता.

युरोपने नेमकी उलटी वाट धरली. १९७३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात बीएमडब्ल्यूने २००२ टर्बो दाखवली. दोन लिटर, १७० अश्वशक्ती, कॉम्प्रेशन ६.९ ला १ इतकं खाली. इंजिन ठोकायचा प्रश्न मिटला, पण चार हजार आरपीएमपर्यंत गाडी झोपलेली आणि मग एकदम पाठीत लाथ. त्यात पेट्रोलचं संकट आलं. १६७२ गाड्यांवर उत्पादन थांबलं. पुढच्याच वर्षी पॅरिसला आलेली पोर्शे ९११ टर्बो २६० अश्वशक्तीची होती. इंजिन मागे, वजन मागे. वळणावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागची चाकं बाहेर निसटायची. वळणाच्या मध्येच बूस्ट आला तरी तीच गत. तिला ‘विडोमेकर’ हे नाव उगाच पडलं नाही.

माझ्या मते या इतिहासातले खरे शहाणे स्वीडनचे. साबने १९७७ मध्ये ९९ टर्बो आणली. इंजिन तसंच दोन लिटरचं, ताकद १४५ अश्वशक्ती, म्हणजे बीएमडब्ल्यूपेक्षा २५ ने कमी. पण साबच्या इंजिनिअरांनी लहान टर्बो निवडला, तो लवकर जागा होईल असं बघितलं आणि जादा धूर वेस्टगेटने सोडून देऊन बूस्ट आवरला. बीएमडब्ल्यूचा सर्वांत जास्त टॉर्क ४००० आरपीएमला मिळे, साबचा ३००० ला. जवळजवळ तेवढाच टॉर्क, हजार आरपीएम आधी. बर्फाळ गावरस्त्यावर ट्रकला मागे टाकायचं असेल तर हेच हजार आरपीएम कामाला येतात. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला याच कंपनीच्या पेर गिलब्रांड यांनी इंजिनाची ठोक ऐकून बूस्ट आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा आणली. आज आपल्या पेट्रोल टर्बो गाड्यांचे ईसीयू, म्हणजे इंजिनाचे संगणक, हेच काम करतात.

टर्बो बदलण्याचा छंद धंदा म्हणून फोफावला तो जपानात. एचकेएससारख्या कंपन्या १९७०च्या दशकापासून गाड्यांना टर्बो किट विकू लागल्या. १९८९ ची निस्सान स्कायलाइन जीटी-आर तर या मंडळींसाठी खजिना ठरली. कागदावर २८० अश्वशक्ती, कारण त्याहून मोठा आकडा जाहीर करायचा नाही असा जपानी कंपन्यांचा आपसातला अलिखित करार. इंजिनात मात्र भरपूर जागा शिल्लक. निस्सानने दोन लहान टर्बो दिले होते, तीन-तीन सिलिंडरना एकेक, आणि त्यांची टर्बाइन चाकं सिरॅमिकची. हलकं चाक चटकन वेग घेतं. पण लोकांनी बूस्ट वाढवला तशी ती चाकं उष्णता आणि वेगाने तुटू लागली, आणि धातूच्या चाकांचे टर्बो टाकणं हा जीटी-आरवाल्यांचा पहिला खर्च झाला.

आपल्याकडे ही हौस रुजवण्यात छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात कारखाना काढणाऱ्या स्कोडाचा वाटा मोठा. २००४ मध्ये तिने ऑक्टाव्हिया आरएस आणली, १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती. युरोपातली आरएस १८० ची होती हे पोरांनी शोधून काढलं आणि रिमॅपच्या, म्हणजे ईसीयूतलं गणित बदलून देणाऱ्या, दुकानांना काम मिळालं. तिचा मूळ के-०३ टर्बो लहान. खाली झटपट ओढतो, वरच्या आरपीएमला दमतो. म्हणून त्याच्या जागी के-०४ टाकतात. त्याहून मोठा टाकायचा तर इंजेक्टर, इंटरकूलर, क्लच, सगळंच बदलावं लागतं.

टेबलावर दोन टर्बो ठेवून मी पोरांना फरक दाखवतो. टर्बाइनच्या कवचावर ‘ए/आर’चा आकडा कोरलेला असतो, .४८, .६३ असा. वायू आत येतो त्या वाटेचं क्षेत्रफळ भागिले मध्यापासूनचं अंतर, असा तो हिशेब. आकडा लहान तर वाट अरुंद, वायूचा वेग जास्त, चाक लवकर फिरणार. मोठा तर उशिरा, पण वरच्या आरपीएमला श्वास मोकळा. दुसरा अंदाज हवेचा. मिनिटाला एक पाउंड हवा म्हणजे पेट्रोल इंजिनात ढोबळमानाने दहा अश्वशक्ती. २५० हवी असेल तर २५ पाउंड हवा देणारा टर्बो पुरे. ५० पाउंडांचा घेतला तर तो निम्मा वेळ झोपूनच राहणार. आंबोली घाट चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन २५०० ते ४००० आरपीएममध्येच फिरत असतं. सहा हजाराला मिळणारी ताकद तिथे कोणाच्या कामाची?

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ मापात मनासारखा बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच बजावलं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करू शकते. ट्रॅकवरच्या गाडीचं गणित वेगळं.

तेव्हा कॅटलॉग उघडलात तर हॉर्सपॉवरचा रकाना शेवटी वाचा. आधी ३००० आरपीएमला टॉर्क किती मिळतो ते बघा, आणि विकणारा ते सांगत नसेल तर तो टर्बो घेऊ नका.