उकिरड्याची बाग झाली, पण जागा कोणाची?



आजची गोष्ट आहे अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहराची. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. न्यूयॉर्क म्हटलं की आपल्याला उंच इमारती आणि लखलखाट दिसतो. पण 1970 च्या सुमारास त्याच शहरात अशा वस्त्या होत्या, जिथे रात्री रस्त्यावर दिवा नव्हता आणि दिवसा कचऱ्याची गाडी फिरकत नव्हती. कारखाने बंद पडले होते, कामं गेली होती. ज्यांना जमलं ते शहर सोडून गेले. 1970 ते 1980 या दहा वर्षांत न्यूयॉर्कची वस्ती आठ लाखांहून जास्त माणसांनी घटली. 1975 मध्ये तर महापालिकेचीच तिजोरी रिकामी व्हायची वेळ आली.

गरीब वस्त्यांतल्या चाळींचं भाडं परवडेनासं झालं, तसे घरमालकही त्या सोडून निघून गेले. कोणी कर भरेना, कोणी डागडुजी करेना. काहींनी विम्याच्या पैशांसाठी आपल्याच इमारतींना आग लावली. पडक्या इमारती महापालिकेने पाडल्या आणि राडारोडा तिथेच सोडला. मग त्यावर जुनी गाद्या-कपाटं आली, मोडक्या गाड्या आल्या, उंदीर आले, नशा करणारे आले. दोन घरांच्या मधे अशी एक जागा, पलीकडच्या गल्लीत दुसरी. अशा हजारो जागा होत्या. कागदावर त्या महापालिकेच्या. प्रत्यक्षात कोणाच्याच नाहीत. पण त्यांच्या शेजारी राहणारी पोरं तिथेच खेळत होती आणि बायांना रोज तिथूनच जावं लागत होतं.

या जागांचं पुढे काय झालं, ते दोन बायांच्या कामातून बघू.

पहिली हॅटी कार्थन. काळ्या समाजातली बाई, 1900 साली व्हर्जिनिया राज्यात जन्मलेली. पुढे ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहायला आली. तिच्या गल्लीत एकेकाळी दुतर्फा झाडं होती. ती एकेक करत गेली आणि मोजकीच उरली. 1964 मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, तिने गल्लीतल्या लोकांना बोलावून एक मंडळ काढलं. बैठकीला आली मोजकीच माणसं. ती तेवढ्यावर थांबली नाही. गल्लीत सगळ्यांनी मिळून जेवणाचा कार्यक्रम केला, त्यातून रोपांसाठी पैसे उभे केले. महापौरांनाही आमंत्रण धाडलं, आणि ते आले. एका गल्लीचं बघून शेजारच्या गल्ल्यांनी मंडळं काढली. पुढे या सगळ्या मंडळांनी मिळून त्या भागात दीड हजारांहून जास्त झाडं लावली. 1971 पासून शाळकरी पोरांना झाडांची निगा कशी राखायची ते शिकवलं आणि त्या कामाचे थोडे पैसेही दिले. झाडाला रोज पाणी घालणारं पोर त्या झाडाची फांदी मोडत नाही, हे तिने ओळखलं होतं.

त्याच भागात मॅग्नोलियाचं एक मोठं झाड होतं. 1885 च्या सुमारास दक्षिणेकडून रोप आणून लावलेलं. हे झाड उष्ण भागातलं. न्यूयॉर्कच्या बर्फात ते सहसा तगत नाही, पण हे तगलं होतं. शेजारच्या बांधकामापायी ते जाणार असं दिसल्यावर हॅटीबाई उभ्या राहिल्या. 1970 मध्ये शहराने त्या झाडाला वारसा म्हणून संरक्षण दिलं. झाडामागची तीन जुनी घरंही वाचली आणि तिथे मुलांना झाडाझुडपांचं शिक्षण देणारं केंद्र सुरू झालं.

दुसरी लिझ क्रिस्टी. ती चित्रकार, मॅनहॅटनच्या गरीब भागात राहणारी. तिने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी आधी एक गंमत केली. पडीक जागांना तारेचं कुंपण असे, आत जायची बंदी. मग त्यांनी फुग्यांत बी, खत आणि पाणी भरलं आणि ते फुगे कुंपणावरून आत फेकले. पाऊस पडला की कचऱ्यात फुलं उगवत. पण नुसतं बी फेकून जागा सुधारत नाही, तिथे कोणीतरी रोज जावं लागतं. म्हणून 1973 मध्ये त्यांनी बावरी आणि ह्यूस्टन या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची एक जागा साफ करायला घेतली. दगडविटा उचलल्या, माती मागून आणली, साठ वाफे केले, भाजी लावली.

मैत्रिणींनो, हे वाफे जमिनीपेक्षा उंच केले होते. पाडलेल्या घरांच्या मातीत जुन्या रंगातलं शिसं उतरलेलं असतं. ते भाजीतून पोटात जाऊ शकतं. म्हणून शहरात अशा जागी बाहेरून चांगली माती आणून उंच वाफ्यात भाजी लावतात. आपल्याकडेही जिथे वर्षानुवर्षं कचरा पडला किंवा जळला, तिथे थेट भाजी लावण्याआधी मातीचा विचार करायला हवा.

या लोकांनी आणखी एक गोष्ट केली, आणि मला ती सगळ्यात मोठी वाटते. त्यांनी महापालिकेकडे जाऊन जागा भाड्याने मागितली. एप्रिल 1974 मध्ये ती मिळाली, महिना एक डॉलर भाड्याने. एक डॉलर म्हणजे नावापुरतं भाडं. पण आता हाती कागद आला. लिझ पुढे रेडिओवरही बोलू लागली. श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या एका केंद्रावर तिचा बागकामाचा कार्यक्रम होता. ऐकून लोक विचारायला येत: आमच्याही गल्लीत अशी जागा आहे, आम्ही काय करू? 1978 मध्ये महापालिकेनेच अशा बागांना मदत करणारी योजना सुरू केली. 1985 मध्ये लिझ वारली. त्या पहिल्या बागेला आज तिचंच नाव आहे.

या बागा फुलवणारे हात पाहिले तर त्यातले कितीतरी खेड्यातून आलेले होते. दक्षिणेकडच्या शेतांवरून आलेल्या काळ्या समाजातल्या बाया, पोर्टोरिको बेटावरून आलेली कुटुंबं. दक्षिणेच्या बायांच्या स्वयंपाकात भेंडी होती. पोर्टोरिकोच्या घरांत सणाला तुरीचे दाणे घालून भात होतो. शहराने त्यांना अडाणी म्हटलं असेल, पण माती कशी ओळखायची, बी कसं राखायचं, हे त्यांनाच ठाऊक होतं. पोर्टोरिकोच्या लोकांनी बागेत लाकडाची छोटी घरं उभारली, गावाकडच्या घरांसारखी, पुढे ओसरी असलेली. तिथे म्हातारी माणसं पत्ते-सोंगट्या खेळत, बायका भाजी निवडत, संध्याकाळी ढोल वाजे, मुलं आपली भाषा ऐकत मोठी होत. म्हणजे भाजीबरोबर तिथे शेजारही तयार झाला. ज्या कोपऱ्यावरून बाई अंधार पडायच्या आत पळत जायची, त्याच कोपऱ्यावर ती आता बसू लागली.

आणि मग जागेला भाव आला.

वस्ती सुधारली, तशी नवी माणसं आली, भाडी वाढली. जी जागा फुकट कोणी घेत नव्हतं, तिच्यावर बिल्डरची नजर गेली. 1999 मध्ये महापालिकेने 114 बागांचा लिलाव जाहीर केला. शहराला घरं हवीत, असं महापालिकेचं म्हणणं होतं. ते अगदी खोटं नव्हतं. गरिबाला घरही हवं आणि श्वास घ्यायला जागाही हवी. पण लिलावात जमीन जास्त पैसे देणाऱ्याकडे जाते, तिथे गरिबाचं घर होईलच असं नाही. लोक रस्त्यावर उतरले. लिलावाच्या आदल्या दिवशी दोन संस्थांनी मिळून त्या बागा 42 लाख डॉलरला विकत घेतल्या. एका संस्थेमागे बेट मिडलर ही गायिका होती.

सगळ्याच बागा वाचल्या नाहीत. एस्पेरान्झा, म्हणजे 'आशा' नावाची एक बाग होती, पोर्टोरिकन कुटुंबाने वीस वर्षं जपलेली. तिच्या रक्षणासाठी लोक थंडीत पाळीपाळीने रात्र काढत होते. फेब्रुवारी 2000 मध्ये पोलिसांनी तिथल्या माणसांना अटक केली आणि बुलडोझरने बाग सपाट केली. कोर्टकचेरी चालू राहिली. शेवटी 2002 मध्ये तडजोड झाली. काही जागा घरांसाठी गेल्या आणि सुमारे पाचशे बागा राखल्या गेल्या. आज त्या शहरात अशा साडेपाचशेच्या आसपास बागा आहेत.

यातून मला एक गोष्ट दिसते. पडीक जागा हिरवी होते ती हातांनी. ती सगळ्यांची होते ती रोज तिथे बसण्याउठण्याने. पण ती टिकते कागदाने. बायांनी पहिली दोन कामं वर्षानुवर्षं केली. तिसरं काम राहिलं तिथे वीस वर्षांची मेहनत एका सकाळी गेली.

आपल्या गावातही अशी जागा असते. पडकी चावडी, बुजलेल्या आडाभोवतीचा उकिरडा, शाळेमागचा काटेरी तुकडा. गटाने ती साफ करायची ठरवली तर जरूर करा. पण खराटा हातात घ्यायच्या आधी ग्रामपंचायतीत जाऊन विचारा: ही जागा कोणाच्या नावावर आहे, दप्तरात तिची नोंद काय आहे? आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. तिथे विषय मांडा, ठराव लिहून घ्या, त्याची नक्कल गटाच्या फाईलमध्ये ठेवा. आणि ठराव लिहिताना जागा गटाच्या बायांपुरती ठेवू नका. वाडीवस्तीवरची बाई, एकटी राहणारी म्हातारी, चाकाच्या खुर्चीवरचं पोर, सगळ्यांना तिथे येता-बसता येईल असं त्यात लिहा. ज्या जागेवर सगळ्यांचा वावर असतो, तिच्यासाठी उभी राहायला माणसंही जास्त येतात.