भिंत, भोंक आणि विजेचा सामता

भिंतीस भोंक पाडण्याच्या कलेलाही इतिहास आहे, असें म्हटल्यास कोणासही हसूं येईल. परंतु वऱ्हाडांत हिंडणाऱ्यास हा इतिहास पावलोपावलीं आढळतो.

आमच्या प्रांतांत भिंतींच्या जाति मुख्यतः तीन. पहिली पांढरीच्या मातीची. गांवोगांवच्या गढ्या तिच्याच. दुसरी विटांची, १७५७ सालीं पुरा झालेला बाळापूरचा किल्ला हा तिचा उत्तम नमुना. तिसरी दगडाची, पेंढाऱ्यांच्या भयास्तव १८०७ सालीं आरंभिलेला, सव्वादोन मैल घेराचा व वीस ते सव्वीस फूट उंचीचा अमरावतीचा परकोट सर्वांच्या परिचयाचा आहे. चौथी, सिमेंट काँक्रीटची, ही अलीकडची.

सुतार लांकडास सामत्यानें किंवा गिरमिटानें भोंक पाडीत असे, कारण लांकूड कापलें जातें. काळा पाषाण मात्र कापला जात नाहीं. तो आघातानें फुटतो. विहिरींत सुरुंग लावतांना एकानें पहार धरावी, दुसऱ्यानें घण मारावा, आणि दर घावामागें पहिल्यानें पहार किंचित् फिरवावी, अशी रीत होती. फिरविल्यामुळें प्रत्येक घाव नव्या जागीं बसे. ठोका आणि फिरवा, हें या विद्येचें सारें रहस्य होय.

यंत्रांनींही हाच मार्ग धरिला. १८९५ सालीं स्टुटगार्ट येथें फाईन यांच्या कारखान्यांत हातीं धरण्याचें विजेचें ड्रिल निघालें. १९१७ सालीं ब्लॅक आणि डेकर या अमेरिकनांस पिस्तुलाच्या मुठीच्या ड्रिलचें पेटंट मिळालें. परंतु हीं यंत्रें नुसतीं फिरणारीं. १९३२ सालीं बॉश कंपनीनें विजेचा फिरता हातोडा काढला, आणि सुरुंगवाल्या दोघांचें काम एका यंत्रांत आलें. खिळा धरणारी खुंटीही सुधारली: १९११ च्या सुमारास रॉलिंग्ज यांची तागाची, व १९५८ सालीं फिशर यांची नायलॉनची.

आतां घरीं कोणतें यंत्र घ्यावें? विटांच्या घरास साधें इम्पॅक्ट ड्रिल पुरें. त्यांत दोन दांतेरी चकत्या एकमेकींवर घासून मिनिटाला हजारों बारीक ठोके देतात. पण त्यांचा जोर आपल्या हाताच्या दाबावर असतो. काँक्रीटचा स्लॅब किंवा काळा दगड असल्यास फिरता हातोडाच पाहिजे. त्यांत दट्ट्या हवेच्या उशीतून घाव घालतो. ठोके थोडे, परंतु भारी. तेथें माणसानें जोर लावूं नये. यंत्रास नीट धरावें, इतकेंच. दोन्हींस कार्बाइडच्या टोकाची पाती लागते. तिची जाडी खुंटीइतकी, व भोंक खुंटीहून थोडें खोल असावें.

मातीच्या जुन्या भिंतीवर मात्र ठोका अगदीं बंद ठेवावा. घावानें बाहेरचा गिलावा शाबूत दिसतो, पण आंतली माती सुटते. अशा भिंतीवर जड फळी टांगूंच नये. कपाट जमिनीवर उभें करावें. फळीखालीं पाळणा असतो, हें विसरूं नये.

भोंक पाडण्यापूर्वी विजेच्या तारा कोठून गेल्या आहेत तें पाहावें, डोळ्यांस चष्मा व नाकास फडकें लावावें. नरनाळा, गाविलगड यांसारख्या संरक्षित वास्तूंस तर खिळाही ठोकूं नये. कायद्यानें तो गुन्हा आहे.

थोडक्यांत, दुकानांत जाण्यापूर्वी आपल्या भिंतीवर बोटानें टिचकी मारावी, गिलाव्याचा पोपडा निघाला असेल तेथें आंत काय आहे तें पाहावें, आणि मग यंत्राची किंमत विचारावी. भिंत कशाची हें ज्यास ठाऊक, त्यास यंत्र निवडणें कठीण नाहीं.